सदाफुलीच्या पाच पानांबद्दल : वनौषधी प्रदर्शन समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
वनौषधी प्रदर्शन संयोजन समिती

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा सकाळी पेपरच्या घडीतून तुमच्या यंदाच्या प्रदर्शनाचं हँडबिल घरात पडलं. हिरवा कागद, मधोमध सदाफुलीचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत : 'विशेष दालन – सदाफुली. मधुमेह ते कॅन्सर, एकच रामबाण. आपल्या ऋषिमुनींची देणगी.' याच दालनाबद्दल मी गेल्या वर्षी तुम्हाला पत्र दिलं होतं. पोच माझ्याकडे आहे, तिच्यावर तुमचा शिक्काही आहे. उत्तर आलं नाही. कामं असतात माणसांना, म्हणून वर्षभर गप्प राहिले. आता तेच दालन आणखी मोठं होऊन येतंय म्हटल्यावर पाकिटातली पत्रं पुरे झाली, असं ठरवलं.

आधी माझा संबंध सांगते. डी. फार्मसीच्या मुलांना मी सव्वीस वर्षं फार्माकॉग्नोसी शिकवली. कुठल्या झाडाच्या कुठल्या भागात कोणतं द्रव्य असतं, ते ओळखायचं कसं, त्यात भेसळ कशाची होते, हा तो विषय. सदाफुली हा माझा लाडका पाठ. वर्गात जाताना वाटेतल्या कुंपणावरून चार डहाळ्या तोडून न्यायच्या, पोरांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायचं, 'बघा, हिच्यातून कॅन्सरचं औषध निघतं.' पोरं डोळे विस्फारायची. मला बरं वाटायचं. हेच वाक्य मी घरीही जेवताना किती वेळा बोलले असेन, त्याला गणती नाही.

गेल्या वर्षी माझे धाकटे दीर तुमच्या प्रदर्शनाला आले होते. वय अठ्ठावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा, गोळ्या वेळेवर. घरी परतले ते मळकट हिरव्या चूर्णाची एक पुडी आणि एक झेरॉक्सचा कागद घेऊन. कागदावर लिहिलं होतं : सकाळी अनशापोटी पाच पानं आणि सात फुलं, फुलं पांढरी असल्यास उत्तम. पानं न मिळाल्यास चमचाभर चूर्ण. पंधरा दिवसांनी गोळ्या निम्म्या करा, दीड महिन्यात बंद. मी म्हटलं, 'भाऊजी, असलं काही करू नका.' त्यावर ते हसून म्हणाले, 'वहिनी, यातून कॅन्सरचं औषध निघतं असं तुम्हीच सांगता ना? मग साखर काय चीज आहे?'

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर उत्तर लांबलचक होतं आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

चौथ्या महिन्यात त्यांच्या उजव्या पायाच्या बोटाला चप्पल चावली. दुखलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४७० होती. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. सदाफुलीनं बोट खाल्लं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. गोळ्या बंद झाल्या, साखर चढली, जखम चिघळली, एवढा साधा हिशोब आहे. पण 'गोळ्या बंद' हे शब्द ज्या कागदावर होते, तो कागद तुमच्या मांडवात, तुमच्या बॅनरखाली वाटला गेला. आणि त्या कागदावर विश्वास बसायला माझं अर्धवट वाक्य कारणी लागलं. ते पुरं करण्यासाठी हे पत्र आहे.

पहिला मुद्दा ऋषिमुनींचा. सदाफुली भारतातली नाही. ती मादागास्करची, आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेल्या त्या बेटाची. कॅथरॅन्थस या कुळीत मोजून आठ जाती आहेत. त्यातल्या सात फक्त मादागास्करमध्ये उगवतात. आठवी मात्र खरोखर आपल्याकडची, भारत आणि श्रीलंकेतली : कॅथरॅन्थस पुसिलस, बारीक पांढऱ्या फुलाचं तण, ज्याच्यासाठी कोणी दालन उभारत नाही. आपल्या अंगणातली गुलाबी सदाफुली परदेशी जहाजांच्या जमान्यात जगभर पसरली. १७५९ मध्ये स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तिला व्हिन्का रोझिया असं नाव दिलं, पुढे ती कॅथरॅन्थस रोझियस झाली. आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत 'व्हिन्का' इतकं मुरलंय की परीक्षेत मुलं अजून तेच लिहितात आणि मी अर्धा मार्क कापायची. चरक-सुश्रुतांना ही माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या फलकावरचा संस्कृत श्लोक कुठून आला हे मला ठाऊक नाही, पण तो सदाफुलीचा नाही.

मादागास्करच्या लोकांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कडू पाला वांती करवायला, मूळ जुलाबाला आणि जंतांवर, दात दुखला तरी मूळच. भूक मारण्यासाठीही पानं चघळत. हा उपयोग वाचला की मला नेहमी थांबावंसं वाटतं, कारण भूक मारायची वेळ कोणावर येते हे सांगायला नको. या झाडापासून निघालेल्या औषधांवर अमेरिकेतल्या कंपनीनं अमाप पैसा केला. मादागास्करला त्यातला वाटा मिळाला नाही. एखाद्या देशाच्या वनस्पतीवर त्या देशाचा हक्क मानणारा जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा आणि लाभ वाटून घेण्याचा नागोया करार २०१० चा. दोन्ही फार उशिरा आले. हेही सांगायला हवं की शास्त्रज्ञांपर्यंत हे झाड थेट मादागास्करहून पोचलंच नाही. तोवर ते उष्ण प्रदेशांत सगळीकडे रानोमाळ झालं होतं, त्यामुळे हक्काचा वाद सरळ नाही. पण आपण कोणत्या तोंडानं त्यात पडणार? हळदीवर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, तेव्हा आपलेच डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेली सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था भांडली आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या हळदीसाठी कागदपत्रं घेऊन उभे राहणारे आपण, दुसऱ्याच्या सदाफुलीवर मात्र 'आपली देणगी' असा फलक लावतो.

दुसरा मुद्दा मधुमेहाचा. हा दावा तुमच्या दालनवाल्यानं काढलेला नाही, तो फार जुना आहे. दक्षिण आफ्रिकेत 'कोव्हिन्का' आणि इंग्लंडात 'व्हिन्क्युलिन' या नावांनी सदाफुलीची तयार औषधं मधुमेहावर विकली जात. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये इन्सुलिन मिळेनासं झालं तेव्हा लोकांनी तिच्या पानांवर भिस्त ठेवली, अशी हकिकत आहे. मग हा दावा तपासला कोणी? १९५२ मध्ये जमैकाहून एका डॉक्टरांनी सदाफुलीची पंचवीस पानं पाकिटात घालून टोरांटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाठवली. तिकडचे मधुमेही या पानांचा चहा पितात, तेवढं बघा, अशी विनंती. क्लार्क नोबल हे इन्सुलिनच्या शोधाच्या काळात टोरांटोत त्याच संशोधन गटात काम केलेले, म्हणजे पत्ता अगदी योग्य निवडला होता. त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, पश्चिम ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, साखरेवर काही फरक पडेना. मग टोचून पाहिला, तेव्हाही साखर हलली नाही. मात्र आठवड्याभरात उंदीर मरू लागले. कापून पाहिलं तर अंगात ठिकठिकाणी जंतुसंसर्गाचे गळू. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भराभर उतरलेल्या, अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गाभा) दबलेली. साधा माणूस इथं पाकीट बंद करून म्हणाला असता, विषारी पाला आहे, टाका. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला : पांढऱ्या पेशी मारणारं काहीतरी यात आहे, तर पांढऱ्या पेशींच्याच कॅन्सरवर ते चालेल का? त्यातून १९५८ मध्ये त्यांनी आज ज्याला व्हिनब्लास्टिन म्हणतात ते द्रव्य वेगळं काढल्याचं जाहीर केलं. तिकडे अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा स्वतंत्रपणे याच झाडाच्या मागे लागले होते. त्यांच्याकडून व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं कॅन्सरचं औषध आलं, १९६३ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

समितीतल्या मंडळींनी एवढा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. मधुमेहाचं औषध शोधायला गेलेल्यांना ते सापडलं नाही. सापडलं ते संसर्गाशी लढणाऱ्या पेशी मारणारं द्रव्य. मधुमेह्याच्या पायाची जखम आधीच भरत नाही. त्याच्या हातात तुम्ही हीच पानं देता आणि वर सांगता, अनशापोटी घ्या. पुढच्या काळात सशांवर, उंदरांवर साखर थोडी उतरल्याचे प्रयोग झाले आहेत, ते मी लपवत नाही. सशाची साखर उतरणं आणि भाऊजींची गोळी बंद करणं यांत किती पायऱ्या असतात, हे मांडवात कोणी सांगितलं नाही.

तिसरा मुद्दा रसायनाचा. इथं मला जरा रेंगाळू द्या, सवय आहे.

सदाफुली ही कण्हेरीच्या कुळातली. सर्पगंधा त्याच घरातली, कुडा आणि सातवीणही. कण्हेर म्हटलं की आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं, तोंडात घालायची नाही. सदाफुलीचं देठ मोडून पाहा, पांढरा चीक दिसेल. शेळी सगळं खाते, पण हिच्या वाटेला जात नाही. हिच्यात शंभराहून जास्त वेगवेगळी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरात परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त वनस्पतिद्रव्यं, आहेत. मुळात अजमॅलिसिन, जे रक्ताभिसरणाच्या तक्रारींवर वापरलं गेलं. पानांत व्हिन्डोलिन आणि कॅथरॅन्थिन ही दोन भरपूर. कॅन्सरवर चालतं ते या दोघांच्या जोडणीतून झालेलं मोठं द्रव्य. गंमत अशी की कॅथरॅन्थिन पानाच्या वरच्या मेणचट थरात साठतं आणि व्हिन्डोलिन पानाच्या आत. भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखी, मधे भिंत. त्यामुळे दोघांची गाठ क्वचित पडते आणि जोडद्रव्य पानात नावापुरतंच असतं. एक ग्रॅम हाती यायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. ज्याला शंका असेल त्यानं 'कॅन्सरवर पाच पानं' या हिशोबाला या आकड्यानं भागून पाहावं.

आता व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन यांतला फरक बघा. दोन्ही रेणू जवळजवळ सारखे, चाळीसच्या वर कार्बन अणूंचे अवाढव्य. फरक एकाच जागी : एका नायट्रोजनला एकात मिथिल गट चिकटलेला, दुसऱ्यात फॉर्मिल. एवढ्याशा बदलानं एकाचा मुख्य त्रास अस्थिमज्जेला होतो, दुसऱ्याचा नसांना. दोन्हींचं काम पेशी दुभंगताना होतं. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो, तो ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचा. ही औषधं त्या प्रथिनाला धरून ठेवतात, नळ्या उभ्याच राहत नाहीत आणि पेशी अर्ध्यात अडकून मरते. ती पेशी कॅन्सरची की तुमची, हे औषध विचारत नाही.

म्हणून व्हिन्क्रिस्टिनचा डोस मिलिग्रॅममध्ये, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला साधारण दीड, मोठ्या माणसाला एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या पुढे नाही. तो शिरेतूनच द्यायचा. शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर माणूस बहुतेक वाचत नाही, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला वेगळा इशारा द्यावा लागला. इतकं सांभाळून दिलं म्हणून फळही तसंच मिळालं. लहान मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, १९६० च्या सुमाराला मूल क्वचित वाचायचं. आज चांगले उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ वाचतात, आणि त्या उपचारांत इतर औषधांच्या जोडीला व्हिन्क्रिस्टिन असतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा मुलगा त्यातला. चार वर्षांचा होता, इंजेक्शनच्या दिवसांत जबडा दुखतो म्हणून जेवायचा नाही आणि चालताना पाऊल घासत अडखळायचा. आता नववीत आहे. उपचार चालू असताना तिनं मला फोन केला होता : 'बाई, तुम्ही म्हणायचात ना, सदाफुली. घरचीच पानं वाटून देऊ का जोडीला?' म्हणजे माझं अर्धं वाक्य तिथंही पोचलं होतं. तिनं निदान विचारलं. तुमच्या मांडवातून पुडी घेऊन गेलेल्यांपैकी कोणाला विचारायला कोण होतं?

वर्गात मी एक साधी चाचणी करून दाखवायची. पाल्याचा आम्लातला अर्क काचनळीत घ्यायचा, ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाचे चार थेंब सोडायचे, की नारिंगी साका तळाला बसतो. फार देखणा दिसतो. तो सांगतो एवढंच की यात अल्कलॉइड आहे. कुचल्याचं बी घेतलं तरी तसाच नारिंगी साका बसतो, आणि कुचल्यानं माणूस मरतो. झाडात औषध आहे, म्हणजे झाड औषध आहे, असं होत नाही. मधली सगळी वाट म्हणजे फार्मसी. ती वाट तुमच्या फलकावर नाही.

चौथा मुद्दा छोटा. मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्यानं मनाई आहे. हे दोन्ही आजार त्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहेत. तुमचं हँडबिल ही जाहिरातच आहे. मला कोणावर केस टाकायची नाही. पण छापण्याआधी समितीतल्या वकीलसाहेबांना दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या प्रदर्शनाबद्दल माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. रानभाज्यांचं दालन उत्तम असतं, टाकळा आणि कुर्डू यातला फरक शहरातल्या सुनांना तिथंच कळतो. कातकरी बायका कंद घेऊन येतात, त्यांच्याशी बोलायला मिळतं. पांढरे केस झालेली वैद्यमंडळी तिथं नाडी बघतात, त्यातले दोघे तर सदाफुलीच्या नावानं माझ्याइतकेच वैतागलेले आहेत. एका दालनापायी सगळ्यांचं नाव खराब होतंय.

माझं मागणं एवढंच आहे.

'मधुमेह ते कॅन्सर, एकच रामबाण' हा फलक आणि हँडबिल मागे घ्या. दालन बंद करू नका, सदाफुली तिथं राहू दे.

तिच्या कुंडीपुढे मूळ देश मादागास्कर असं लिहा. चालू असलेल्या आजारावर स्वतःच्या मनानं पानं खाऊ नयेत, डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवू नये, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. गरोदर बाईनं तर हात लावू नये, हे वेगळ्या ओळीत.

ज्या पुडीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि तारीख नाही ती मांडवात विकू देऊ नका. कुठल्याही वनस्पतीची असो. आणि 'गोळ्या बंद करा' असं छापलेला एकही कागद वाटला जाणार नाही, हे दालनवाल्याकडून लिहून घ्या.

गेल्या वर्षी ज्यांनी चूर्ण नेलं त्यांच्यासाठी लाउडस्पीकरवरून रोज दोनदा सांगा की साखर तपासून घ्या. दाराशी एक टेबल, एक नर्स आणि ग्लुकोमीटर ठेवा. पट्ट्यांचा खर्च मी आणि माझ्या निवृत्त सहकारी मिळून करू.

या पत्राला उद्घाटनाच्या आधी लेखी उत्तर द्या. 'जमणार नाही' असं आलं तरी चालेल, पण लेखी.

तुमची हरकत नसेल तर तिन्ही दिवस मी स्वतः सदाफुलीच्या कुंडीशेजारी बसेन. काचनळ्या, द्रावण आणि कुचल्याचं बी माझं मी आणेन. मानधन नको. दुपारच्या चहाला दूध कमी घाला, एवढं सांभाळा.

आपली,
एक निवृत्त फार्मसी शिक्षिका

ता. क. – गेल्या वर्षीची पुडी मी जपून ठेवली आहे. निम्मं चूर्ण शिल्लक आहे. वर ना नाव, ना गाव, फक्त पेनानं लिहिलेली किंमत : १५० रुपये. समितीच्या बैठकीत बघायची असेल तर बोलवा, घेऊन येते. भाऊजीही येतील म्हणतात, जिना चढायला थोडा वेळ लागतो त्यांना.